मार्ग व पूल परिरक्षण : वित्तव्यवस्था

वापरात असलेले सार्वजनिक रस्ते व पूल वाहतुकीस सुरक्षित राहावेत, यासाठी वेळोवेळी करावयाची पाहणी, डागडुजी व नूतनीकरण यांस परिरक्षण म्हणतात. बांधकामाचा खर्च एकदाच होतो. परिरक्षणाचा खर्च रस्ता वा पूल वापरात असेतोपर्यंत चालू राहतो. बांधकामाच्या वेळी या पुढील खर्चाची तरतूद सहसा केली जात नाही, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

झिजेची कारणे : डांबरी पृष्ठभागास तडे गेले की, पावसाचे पाणी खालच्या खडीत मुरते, थरांची पकड सुटते व जड वाहनांच्या चाकांखाली खड्डे पडतात. तडे वेळीच बुजविल्यास, गटारे मोकळी ठेवल्यास व वरचा थर ठराविक काळाने नवा केल्यास खालचे थर टिकतात. एरवी रस्ता तळापासून पुन्हा बांधावा लागतो. पुलांच्या बाबतीत पाया धुपणे, दगडांमधील चुना निसटणे, फटींत झाडे उगवणे, काँक्रीटमधील सळया गंजणे हे प्रमुख दोष होत. पाण्याखालील धूप वरून दिसत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाहणी करणे आवश्यक असते.

निधीची साधने : मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार पेट्रोलवरील कर गॅलनमागे दोन आण्यांनी वाढविण्यात आला आणि १९२९ मध्ये केंद्रीय मार्ग निधी निर्माण झाला. जो रस्ता वापरतो त्याने त्याचा खर्च सोसावा, हे त्यामागील तत्त्व. २००० च्या अधिनियमाने या निधीस वैधानिक रूप मिळाले. २०१८ मध्ये त्याची व्याप्ती इतर पायाभूत सुविधांपर्यंत वाढविण्यात आली. विजेवर चालणाऱ्या वाहनांकडून इंधनावरील अधिभार मिळत नाही, ही या साधनाची नवी मर्यादा आहे.

पथकर हे दुसरे साधन. ते वर्दळीच्या महामार्गावरच परवडते. खेड्यातील पुलावर नाका बसवून खर्च निघत नाही. शिवाय पथकरास विरोधही होतो. १ जून २०१५ पासून महाराष्ट्र शासनाने ५३ नाक्यांवर लहान वाहनांना व एस. टी. गाड्यांना सूट दिली; तेव्हा हा भार वाहनधारकांकडून शासनाच्या तिजोरीवर आला.

उरलेले बहुतेक रस्ते सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषदा व नगरसंस्था यांच्या वार्षिक अंदाजपत्रकांवर अवलंबून असतात. दुरुस्ती हा महसुली खर्च असल्याने वेतन, निवृत्तिवेतन व व्याज यांनंतर जे उरेल त्यातून तो भागवावा लागतो. कर्जे व अनुदाने मात्र बहुधा नव्या कामांना मिळतात.

नासिक येथील स्थिती : नासिक महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. जकात हे तिच्या उत्पन्नाचे मुख्य साधन होते. २०१३ मध्ये तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला व २०१७ पासून राज्य शासनाकडून भरपाई मिळते. गोदावरीवरील पूल हा शहराच्या वाहतुकीचा कणा असून, पंचवटी व जुने गाव यांस जोडणारा अहिल्याबाई होळकर पूल (पूर्वीचा व्हिक्टोरिया पूल) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थासाठी शासन मोठा निधी देते. २०१५ च्या पर्वणीपूर्वी रस्ते व पूल झाले. २०२६–२७ च्या सिंहस्थासाठीही कामे हाती घेण्यात आली. या निधीने बांधलेल्या प्रत्येक पुलाची देखभाल मात्र मधल्या वर्षांत महानगरपालिकेच्या नित्य उत्पन्नातूनच करावी लागते. अशा प्रकारे प्रत्येक सिंहस्थ शहरास नव्या सोयींबरोबर नवे दायित्वही देऊन जातो.

विलंबाची किंमत : २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ मधील दगडी पूल पुरात कोसळला व दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याजागी नवा पूल जून २०१७ मध्ये, म्हणजे वर्षाच्या आत, खुला झाला. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पडून माणसे दगावली. पैसा व कार्यक्षमता उपलब्ध होऊ शकतात, परंतु बहुधा दुर्घटनेनंतर, हे सावित्रीच्या उदाहरणावरून दिसते.

प्रत्येक पुलाची नोंदवही, पाहणीचे जाहीर निष्कर्ष आणि नव्या कामाच्या मंजुरीबरोबरच त्याच्या देखभालीसाठी वेगळा, अन्यत्र न वळविता येणारा निधी हे उपाय यावर सुचविता येतील. यांपैकी पहिल्या दोहोंस फारसा खर्च लागत नाही. तिसऱ्यास उद्घाटनाच्या कोनशिलेवर नाव न येणाऱ्या कामासाठी दरवर्षी पैसा बाजूला ठेवण्याची तयारी लागते.