खाच आणि हत्यार



कोसाडहून तापी ओलांडली की सुरतचे जुने शहर लागते. या शहराची एक जुनी कला म्हणजे सादेली. हस्तिदंत, हाड, रंगविलेले लाकूड व धातू यांच्या बारीक कांड्या सरसाने एकत्र जोडावयाच्या, त्या जुडीचे आडवे पातळ काप काढावयाचे आणि ते चंदनाच्या वा सागाच्या पेटीवर बसवावयाचे, अशी तिची रीत. आता हस्तिदंताच्या व्यापारास बंदी आहे. त्याची जागा इतर द्रव्यांनी घेतली आहे.

अशी पेटी पाहून एखाद्या तरुणास हुरूप येतो आणि पहिल्या कमाईतून तो हत्यारांचा भलामोठा संच विकत घेतो. ते पैसे बहुधा वाया जातात. नवशिक्याने प्रथम सागाच्या फळीत शिसवीची एक सरळ पट्टी बसवून पाहावी. त्यास मोजकीच हत्यारे पुरतात. मात्र ती उत्तम पोलादाची हवीत.

खाचेचा तळ कोणाच्या दृष्टीस पडत नाही. दिसते ती कड. म्हणून पहिला मान आखणीच्या हत्याराचा. साध्या खतकसाला खिळ्यासारखे टोक असते व ते आडव्या रेघेवर लाकडाचे तंतू फाडते. ते टोक कानशीने घासून पात्यासारखे करावे, म्हणजे तंतू स्वच्छ कापले जातात. त्याच रेघेवरून पोलादी पट्टीच्या आधाराने धारदार सुरी हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवावी. पहिल्याच वेळी जोर दिला, तर उभ्या रेषांमागे सुरी भरकटते.

पुढे पटाशी. ती खाचेहून किंचित अरुंद घ्यावी. खाचेइतकीच रुंद असेल, तर हात जरासा कलताच कड दबते. शेवटी तळ सारखा करण्यासाठी ठोकळ्यातून पाते खाली काढलेला छोटा रंधा हवा. पाते जितके बाहेर, तितकीच खोली. पट्टी २ मिलिमीटर जाड असेल तर खाच दीड मिलिमीटर खोल ठेवावी आणि वर राहिलेला भाग सरस वाळल्यावर रंध्याने समतल करावा.

धार लावण्याचा दगड मात्र विसरू नये. बोथट पटाशी लाकूड कापीत नाही, चिरडते. आणि चिरडलेली कड कोणत्याही भरावाने झाकली जात नाही.