ॲपल-दोन संगणकाचा टर्मिनल म्हणून उपयोग : चिन्हसंचाच्या दृष्टीने परीक्षण

वैयक्तिक संगणक स्वतंत्रपणे काम करीत असतो तेव्हा त्याचे मूल्य गणनाशक्तीवरून ठरते. तोच दूरच्या मोठ्या संगणकाचे टर्मिनल म्हणून वापरावयाचा झाल्यास कसोटी बदलते. टर्मिनल हे संदेशवहनाचे साधन होय. कळफलकावरील चिन्हे पलीकडे पाठविणे आणि पलीकडून आलेली चिन्हे पडद्यावर उमटविणे, एवढेच त्याचे कार्य. म्हणून प्रथम पाहावयाचे ते हे, की उभय पक्षांचा चिन्हसंच एकच आहे काय? १९७७ मध्ये प्रसृत झालेल्या ॲपल-दोन या संगणकाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येतो.

तुलनेसाठी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे १९७८ मधील व्हीटी-१०० हे टर्मिनल घ्यावे. त्याच्या पडद्यावर प्रत्येकी ८० अक्षरांच्या २४ ओळी मावत. आस्की संकेतावलीतील १२८ संकेतांपैकी ९५ मुद्रणीय व ३३ नियंत्रक. ते सर्व त्यास ग्राह्य होते. मूळ ॲपल-दोनच्या पडद्यावर ओळी २४ च, पण प्रत्येकीत अक्षरे ४०. त्यामुळे ८० अक्षरांची ओळ दुभंगे व कोष्टके विस्कटत. हा दोष यंत्रात जादा कार्ड बसवून दूर करता येई.

दुसरा दोष अधिक मूलगामी होता. या यंत्राच्या कळफलकावरून रोमन लिपीतील केवळ मोठी अक्षरे उमटत. युनिक्स प्रणालीने अशा यंत्रांसाठी एक तोड योजिली होती. प्रवेशनाम मोठ्या अक्षरांत आल्यास पलीकडील यंत्रास लहान अक्षरे ठाऊक नाहीत असे ती गृहीत धरी, आलेली सर्व अक्षरे लहान मानी, आणि खरोखरच मोठे अक्षर हवे असल्यास त्यापूर्वी उलटी तिरपी रेघ देण्याची अपेक्षा ठेवी. परंतु मूळ ॲपल-दोनच्या कळफलकावर ती रेघच नव्हती! भेद दर्शविण्याचे चिन्हच हाती नसल्याने, टर्मिनलचा प्रोग्राम एखाद्या नियंत्रक कळीला ते काम नेमून देईल तरच निभाव लागे.

ही अडचण केवळ लेखनसौष्ठवाची नव्हे. हार्वर्ड-क्योतो लिप्यंतरपद्धतीत लहान ‘टी’ म्हणजे त व मोठी ‘टी’ म्हणजे ट. लहान ‘ए’ म्हणजे अ व मोठा ‘ए’ म्हणजे आ. सर्व अक्षरे मोठीच झाली, तर पत, पात, पट आणि पाट या चार शब्दांचे लेखन एकरूप होते. दन्त्य-मूर्धन्य आणि ऱ्हस्व-दीर्घ हे दोन्ही भेद एकदम लोपतात. अशा सामग्रीवरून काढलेली शब्दसूची संगणकाने कितीही बिनचूक मोजली, तरी ती भाषेची सूची राहत नाही. १९८३ च्या ॲपल-दोन-ई या सुधारित यंत्रात लहान अक्षरांची सोय मुळातच केलेली होती.

दोषांप्रमाणे गुणही पाहिले पाहिजेत. सेकंदास ३०० बिट या वेगाने, एका अक्षरास सामान्यतः १० बिट लागत असल्याने, ३० अक्षरे येत. १,९२० अक्षरांचा पूर्ण पडदा भरण्यास ६४ सेकंद लागत. साध्या टर्मिनलवर वर सरकलेला मजकूर दृष्टिआड होई. वैयक्तिक संगणक तो स्मृतीत ठेवून चकतीवर उतरवू शके. कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये सिद्ध झालेल्या कर्मिट या संकेतपद्धतीने हे काम विश्वसनीय केले. ती मजकुराचे लहान तुकडे पाडी, प्रत्येकासोबत पडताळ्याची बेरीज पाठवी आणि सदोष तुकडा पुन्हा मागवी. वाटेतील यंत्राने नियंत्रक संकेतास आज्ञा समजू नये म्हणून त्यास मुद्रणीय रूप देऊन पाठविले जाई. चिन्हाचा प्रयोग आणि चिन्हाचा उल्लेख यांतील भेदच येथे यांत्रिक व्यवहारात उतरलेला दिसतो.

तात्पर्य, ॲपल-दोन हे टर्मिनल म्हणून अपुरे होते, परंतु संग्राहक म्हणून साध्या टर्मिनलपेक्षा सरस होते. मात्र संग्रहाचे मूल्य चिन्हांच्या अभंगतेवर अवलंबून असते. प्रवाहात हरवलेला भेद कोणतीही स्मृती परत आणू शकत नाही. म्हणून भाषिक सामग्रीसाठी यंत्र पारखताना वेग व स्मृती यांआधी चिन्हसंच तपासणे अगत्याचे ठरते.