पाचव्या वर्षी बोळके

मूल सहा-सात वर्षांचे झाले की पुढचा दात हलू लागतो आणि घरात त्याचे कौतुक सुरू होते. दात पडतो, तिथे नवा येतो, फोटो काढले जातात. पण काही मुलांच्या बाबतीत हे कौतुक वाट्यालाच येत नाही. दुधाचे दात वेळेवर उगवतात, दिसायलाही चांगले असतात, आणि थोड्याच महिन्यांत हिरड्या लालबुंद होऊन सुजतात. ब्रश लागला की रक्त येते, तोंडाला वास येतो, पोळीचा तुकडा चावताना मूल रडते. चौथ्या-पाचव्या वर्षी सगळे दात गळून तोंडाचे बोळके होते. पडलेला दात हातात घेऊन पाहिला तर तो बहुधा किडलेला नसतो. एरवी दुधाचा दात पडतो तेव्हा त्याचे मूळ झिजून गेलेले असते. इथे अख्खा दात मुळासकट हातात येतो.

दात गेले की हिरड्या बऱ्या होतात. घरच्यांना वाटते, सुटलो. मग कायमचे दात येऊ लागतात आणि तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत तेही बहुतेक गेलेले असतात.

याच मुलांच्या तळहातांची आणि तळपायांची कातडीही लहानपणापासून, साधारण पहिल्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान, लाल, जाड आणि खरखरीत होते. कधी गुडघ्यांवर आणि कोपरांवरही तसेच चट्टे येतात. थंडीत भेगा पडतात, चालताना दुखते. दातांसाठी आई मुलाला दंतवैद्याकडे नेते, पायांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे. एक हिरड्यांचे औषध देतो, दुसरा मलम देतो. दोन्ही तक्रारी एकाच डॉक्टरच्या कानावर न गेल्यामुळे वर्षे निघून जातात. तोवर घरात मात्र निकाल लागलेला असतो. कोणी म्हणते गोड फार खाऊ घातले, कोणी म्हणते आईने दात घासून दिले नाहीत, कोणाला नजर लागल्यासारखे वाटते. बोलणी बहुतेक आईलाच खावी लागतात, हे वेगळे सांगायला नको.

या आजाराला पॅपिलॉन-लेफेव्र सिंड्रोम म्हणतात. पॅपिलॉन आणि लेफेव्र या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ साली एका भावाबहिणीच्या तपासणीवरून त्याचे वर्णन केले. त्या मुलांचे आईवडील एकमेकांचे सख्खे चुलत-मावस नात्यातले होते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे, तिच्याकडे आम्ही परत येऊ. आजार दुर्मीळ आहे. दहा लाखांत एक ते चार जणांना तो होतो असे मानतात. पण बारा कोटींच्या महाराष्ट्राला हा हिशेब लावला तर अशी शंभरावर माणसे आपल्या आसपास असणार.

कारण कळायला पंचाहत्तर वर्षे लागली. ते समजून घ्यायचे तर शरीराच्या पेशीत डोकवावे लागेल. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात लयकारिका नावाचा शब्द येतो, इंग्रजीतला लायसोझोम तो हाच. पेशीतली ही एक चिमुकली पिशवी. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान द दूव यांनी १९५५ साली तिला हे नाव दिले आणि १९७४ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पेशीतला जुना, मोडका माल या पिशवीत जातो आणि तिथली विकरे, म्हणजे एन्झाइम, त्याचे तुकडे करतात. त्यातली जी विकरे प्रथिने कापतात त्यांतल्या अनेकांना कॅथेप्सिन म्हणतात. कॅथेप्सिन डी, कॅथेप्सिन के, कॅथेप्सिन सी अशी ती मोठी बिरादरी आहे. आपल्या गोष्टीतले विकर म्हणजे कॅथेप्सिन सी.

याचे काम नुसते मोडतोडीचे नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. कॅथेप्सिन सी या माळेच्या टोकाकडून दोन-दोन मणी तोडते. रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. त्यांची शस्त्रे हाडांच्या मगजात तयार होतात तेव्हा ती बोथट असतात, कारण प्रत्येकाच्या टोकावर दोन मणी जास्तीचे बसवलेले असतात. सुईवर टोपण असावे तसे. कॅथेप्सिन सी ते टोपण काढते आणि शस्त्र कामाला लागते. इलास्टेज, कॅथेप्सिन जी आणि प्रोटिनेज ३ ही त्या शस्त्रांची नावे. कॅथेप्सिन सी नसेल तर टोपण निघत नाही आणि न्यूट्रोफिल जवळजवळ निःशस्त्र रक्तात उतरतात. दात आणि हिरडी यांच्या फटीत जंतू कायमच मुक्काम ठोकून असतात. एरवी त्यांना आवरणारी फौज इथे दुबळी पडते. सूज चढते ती उतरत नाही आणि दाताला धरून ठेवणारे हाड विरघळत जाते. एक्स-रे काढला तर दात हवेत तरंगत असल्यासारखे दिसतात. तळहात, तळपाय, गुडघे आणि हिरड्या यांच्या कातडीत हे विकर एरवी भरपूर असते, म्हणून त्याच जागा जाड होतात.

१९९९ साली संशोधकांनी दाखवून दिले की अकराव्या गुणसूत्रावरच्या, हे विकर बनवणाऱ्या जनुकात बिघाड झाला की हा आजार होतो. म्हणजे आईने ब्रश केला की नाही, मूल चॉकलेट खाते की नाही, यावर तो होण्या-न होण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या घरात आईला वर्षानुवर्षे बोल लावला गेला, त्या घराने निदान आता तो परत घ्यावा असे आम्हाला वाटते.

या शोधाला एक अनपेक्षित फळही आले. ज्यांच्या शरीरात हे विकर मुळीच काम करत नाही, अशा माणसांना गंभीर जंतुसंसर्ग वारंवार व्हायला हवेत असे कोणालाही वाटेल. काहींना गळवे होतात, क्वचित यकृतात पू होतो, पण बहुतेकांची बाकी तब्येत चांगली असते, बुद्धी आणि आयुष्य इतरांसारखेच. मग शास्त्रज्ञांनी उलटा प्रश्न विचारला. जिथे न्यूट्रोफिलची शस्त्रे स्वतःच्याच शरीराला कापतात, तिथे हे विकर थोडे अडवले तर? ब्राँकिएक्टेसिस हा फुप्फुसाचा आजार तसाच आहे. श्वासनलिका रुंद आणि सैल होतात, त्यांत कफ साठतो, वर्षात अनेकदा ताप येऊन बेडके वाढतात, आणि न्यूट्रोफिलची इलास्टेज त्या नलिकांचेच नुकसान करत राहते. कॅथेप्सिन सी अडवणारी ब्रेन्सोकॅटिब नावाची गोळी १,७००हून जास्त रुग्णांवर तपासली गेली. आजार उसळण्याचे प्रमाण खोट्या गोळीच्या तुलनेत सुमारे एक-पंचमांश कमी झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी तिला मान्यता दिली. तिच्याबरोबरच्या सूचनापत्रात हिरड्या आणि कातडी यांच्यावर लक्ष ठेवा असे बजावलेले आहे. आपल्या देशातल्या सव्वादोन हजारांच्या आसपास ब्राँकिएक्टेसिस रुग्णांची नोंद झाली तेव्हा सुमारे ३५ टक्क्यांच्या मागे जुना क्षयरोग निघाला होता. क्षयाच्या गोळ्या संपल्या तरी खोकला न सुटलेली माणसे आपल्यापैकी कित्येकांच्या घरात आहेत. हा विषय त्यांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

आता मुलाकडे परत येऊ. पाच वर्षांच्या आत दात हलू लागले तर तो दरवेळी हाच आजार असेल असे नाही. हाडे कमकुवत करणारा हायपोफॉस्फेटेशिया, न आवरलेला मधुमेह, रक्ताचा कर्करोग यांतही हिरड्या आणि दात बिघडतात, म्हणून तपासणी टाळू नये. दंतवैद्याला मुलाचे तळवे दाखवावेत आणि त्वचारोगतज्ज्ञाला त्याचे तोंड. एवढ्या एका गोष्टीने निदान काही वर्षे अलीकडे येऊ शकते. खात्री रक्तातल्या जनुकाच्या तपासणीने होते.

विकर बाहेरून भरून देणारे औषध अजून नाही. पण करण्यासारखे पुष्कळ आहे. दर काही आठवड्यांनी दातांची सफाई, गरजेप्रमाणे प्रतिजैविके, आणि वाचणार नाहीत ते दात वेळीच काढणे. दुधाचे बाधित दात कायमचे दात यायच्या आधी काढले तर जंतूंचा वारसा नव्या दातांकडे जाण्याची शक्यता कमी होते. इतके करूनही सगळे दात वाचतीलच असे कोणी प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाही. लहान मुलालाही कवळी बसवता येते. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते, पण मूल नीट चावते, शब्द स्पष्ट उच्चारते आणि शाळेत तोंड उघडून हसते. सबकाची उजळणी करताना 'सीन' आणि 'साद' दातांशिवाय उमटत नाहीत, हे ज्यांच्या घरात मूल मकतबला जाते त्यांना सांगायला नको. जबड्याची वाढ पूर्ण झाली की हाडात पक्के दात बसवण्याचा विचार करता येतो.

कातडीसाठी युरिया किंवा सॅलिसिलिक आम्लाचे मलम असते. ते रात्री लावून सकाळी कोमट पाण्याने धुवावे. वुजूनंतर पाय, विशेषतः भेगा, टिपून कोरडे करावेत आणि मऊ करणारे मलम लावावे. त्रास फार असेल तर डॉक्टर ॲसिट्रेटिनसारख्या गोळ्या देतात. मुलींच्या बाबतीत इथे थांबून वाचावे: ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर तीन वर्षांपर्यंत गर्भ राहू देऊ नये, कारण गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकते. लग्न ठरत असलेल्या मुलीच्या बाबतीत ही गोष्ट लपवून चालणार नाही.

लग्नाचा विषय निघालाच आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. अशा माणसाला वाहक म्हणतात, त्याला काहीही होत नाही आणि त्याला ते ठाऊकही नसते. कॅथेप्सिन सी जनुकाचे वाहक हजारात दोन ते चार असावेत. दोन वाहकांचे लग्न झाले तर दर गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. परक्या घरात दुसरा वाहक भेटणे अवघड. नात्यात मात्र एकाच आजोबांची बिघडलेली प्रत दोन्हीकडे पोचलेली असू शकते. १९२४ च्या त्या भावाबहिणींचे तेच झाले होते.

आपल्यात चुलत, मावस, आते-मामे भावंडांचे निकाह होतात. शरियतने त्याला परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. मुलगी डोळ्यांसमोर राहते, देण्याघेण्याचा घोळ होत नाही, माणसे माहितीतली असतात, ही कारणे खोटी नाहीत. ही चाल एकट्या मुसलमानांची आहे असेही नाही. महाराष्ट्रात मामाच्या मुलीवर हक्क सांगणारे समाज पुष्कळ आहेत, आणि तमिळनाडू-कर्नाटकात मामा-भाचीचीही लग्ने होतात. याच जनुकाच्या बिघाडाचा एक भाऊबंद आजार, हाइम-मंक सिंड्रोम, १९६५ साली नोंदवला गेला तो केरळातल्या कोचीनहून गेलेल्या ज्यू कुटुंबांत. लहान समाज, आपसातच लग्ने, बाकी काही नाही. म्हणून कोणी या निमित्ताने एका कौमेकडे बोट दाखवू लागला तर ते आम्हाला मान्य नाही, आणि आपल्यापैकी कोणी यात काहीच धोका नाही म्हणू लागला तर तेही नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात ११ हजारांवर बाळांच्या पाहणीत जन्मजात दोषांचे प्रमाण सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नात ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांपर्यंत गेलेले दिसले. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव बाळे ठणठणीत. पण धोका दुप्पट, हेही तितकेच खरे.

घरात आजारी मूल असेल तर मात्र गणित एकदम बदलते. समजा त्या मुलाची थोरली बहीण पूर्ण निरोगी आहे. ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. तिच्या सख्ख्या चुलत किंवा मावस भावाची चारात एक. त्या दोघांचा निकाह झाला तर प्रत्येक बाळ आजारी असण्याची शक्यता चोवीसात एक येते. तीच मुलगी नात्याबाहेर दिली तर दीड ते तीन हजारांत एक. स्वतः आजारी असलेल्या मुलाने सख्ख्या चुलत बहिणीशी लग्न केले तर ही शक्यता आठात एक होते. वाहक नसलेल्या जोडीदाराशी केले तर एकही मूल आजारी होणार नाही, सगळी फक्त वाहक असतील.

सौदी अरबमध्ये २००४ पासून निकाहाआधी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी सक्तीची आहे. या दुर्मीळ जनुकाची तशी सरसकट तपासणी कुठे करत बसायची गरज नाही. पण ज्या घरात एक रुग्ण आहे, तिथे त्याच्या जनुकातला नेमका बिघाड एकदा सापडला की भावंडांची आणि चुलत-मावस भावंडांची तपासणी सोपी होते, रक्ताच्या एका नमुन्यात उत्तर मिळते. तो अहवाल घरच्या कागदपत्रांत, निकाहनाम्याच्या फाइलीत ठेवावा. रिश्त्याची बोलणी सुरू व्हायच्या आधी तो काढावा, मंगनी झाल्यावर नव्हे. आणि मुलाच्या मामूंना, खालांना, फुफींना सांगावे, कारण तोच बिघाड त्यांच्याही मुलांत असू शकतो आणि त्यांच्या घरात सध्या कोणाचेही दात पडलेले नाहीत.