चेक : एका हाकेचा प्रवास

बँकेच्या खिडकीमागच्या कारकुनाने मला विचारले, ‘काका, चेक नीट चेक केलात ना?’ त्याच्या अंगात चौकड्यांचा, म्हणजे ‘चेक्स’चा शर्ट होता. कागद, क्रिया आणि कापड यांना एकच शब्द कसा, हा प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि कोश उघडले.

तिन्ही अर्थांचे मूळ बुद्धिबळाच्या पटावर सापडते. फारसीत राजा म्हणजे ‘शाह’. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मारा होताच ‘शाह!’ अशी सूचना देत. ही हाक अरबीमार्गे युरोपात गेली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तिचे ‘स्काकुस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि इंग्रजीत ‘चेक’. आपला ‘शह’ही तोच. ‘शाह मात’ म्हणजे राजा हतबल झाला. त्यातून इंग्रजीला ‘चेकमेट’ मिळाले आणि मराठीला ‘मात करणे’.

शह बसलेल्या राजाला मोकळेपणाने हलता येत नाही. म्हणून ‘चेक’ म्हणजे अडवणे, मग आवर घालणे, मग नजर ठेवणे आणि शेवटी तपासणे. आपला तिकीट चेकर आणि चेकनाका याच वाटेने आले.

कापडाचा अर्थ पटावरच्या घरांवरून आला. याच पटावरून इंग्लंडच्या खजिन्यालाही नाव मिळाले. बाराव्या शतकात तिथे हिशेबासाठी सुमारे 10 फूट लांब व 5 फूट रुंद मेज असे. त्यावर रेघा असलेले काळे कापड अंथरून, घरांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी करीत. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या कारभारावर लॅटिन ग्रंथच लिहिला. मेज पटासारखे दिसते म्हणून हे नाव, असे तो सांगतो. शिवाय खजिनदार आणि जिल्ह्याचा शेरीफ यांच्यात तिथे हिशेबाची लढाई होते, असेही. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो.

बँकेचा चेक अठराव्या शतकातला. आधी हा शब्द स्थळप्रतीसाठी होता, कारण तिच्याशी ताडून खोटा कागद पकडता येई. पुढे मूळ कागदालाच ते नाव चिकटले. ब्रिटिशांनी त्याचे स्पेलिंग बहुधा ‘एक्स्चेकर’च्या धर्तीवर बदलले, अमेरिकेत जुनेच राहिले.

आता एक कबुली. तरुणपणी एका व्याख्यानात मी ‘चेक हा मूळचा संस्कृत शब्द’ असे ठोकून दिले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. ते चूक होते. बेहिस्तूनच्या शिलालेखात दारयवहूश स्वतःला ‘ख्शायथिय’, म्हणजे राजा, म्हणवतो. त्याचाच पुढे ‘शाह’ झाला. संस्कृतातला राज्य करणे या अर्थाचा ‘क्षि’ धातू आणि ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ हे शब्द त्याच घराण्यातले. पण हे नाते बहिणींचे आहे, आई-लेकीचे नव्हे. दोन्ही भाषांना ते अधिक जुन्या, सामाईक भाषेकडून मिळाले.

खेळ मात्र इथून गेला. आपला ‘चतुरंग’ फारसीत ‘चतरंग’ झाला, अरबीत ‘शतरंज’ झाला आणि त्या रूपात आपल्याकडे परतला. खेळ आपला आणि हाक इराणची, एवढे म्हणता येते. आणि एवढ्यानेही अभिमानाला काही कमी पडत नाही. त्या श्रोत्यांपैकी कोणी हा अंक वाचत असतील, तर ही दुरुस्ती त्यांच्यासाठी.