भाज्याच्या डोंगराआडचा चंद्र

हिवाळ्यात तुमच्या शाळेची सहल मावळातील भाज्याची लेणी पाहायला गेली आहे, अशी कल्पना करा. मळवली स्टेशनावर उतरून, भाजे गाव ओलांडून, पायऱ्या चढून तुम्ही चैत्यगृहासमोर पोचला आहात. सकाळचे नऊ वाजले आहेत. लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे असल्यामुळे सूर्य अजून डोंगराच्या पाठीमागेच आहे. आणि समोर, पश्चिमेच्या निळ्या आकाशात, फिकट पांढरा चंद्र दिसतो आहे! अशा वेळी कोणीतरी हमखास विचारतेच, "सर, दिवसा चंद्र कसा?"

त्या दिवशीची तिथी पाहा. ती वद्य षष्ठीच्या आसपासची असणार. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर उगवतो व सूर्याबरोबरच मावळतो. शुद्ध अष्टमीला तो दुपारी बाराच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्री मावळतो. पौर्णिमेला सूर्य मावळताना चंद्र उगवतो. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवून दुसऱ्या दिवशी दुपारी मावळतो. म्हणजे दिवसाउजेडी चंद्र असणे ही नवलाची गोष्ट नव्हे. आपण वर पाहत नाही, एवढेच.

आता ही उगवण्याची वेळ रोज पुढे का सरकते? चंद्र पृथ्वीभोवती फिरताना ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दररोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो. सूर्यही सुमारे १ अंश पूर्वेकडे सरकलेला दिसतो, आणि आपली घड्याळे सूर्याच्या मानाने लावलेली आहेत. तेव्हा सूर्याच्या तुलनेत चंद्राची आघाडी रोज १२ अंशांहून थोडी जास्त होते. पृथ्वीला १ अंश वळायला ४ मिनिटे लागतात. म्हणजे जवळजवळ ४९ मिनिटे झाली. तेवढ्या वेळात चंद्र आणखी थोडा पुढे गेलेला असतो. तोही हिशेब धरला की सरासरी ५० मिनिटे येतात. हे १२ अंश नीट लक्षात ठेवा. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते, आणि अशा ३० तिथ्यांचा, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा, चांद्रमास होतो.

यातून एक गंमत घडते. समजा, सोमवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी चंद्र उगवला. पुढचा चंद्रोदय ५० मिनिटे उशिरा, म्हणजे रात्री साडेबाराला. पण तोवर घड्याळाच्या हिशेबाने बुधवार लागलेला असतो. मग मंगळवारी चंद्र उगवलाच नाही! वद्य अष्टमीच्या सुमारास दर महिन्याला एक तारीख अशी सुनी जाते. पंचांगात ती जागा रिकामी दिसली तर छपाईची चूक समजू नका.

चंद्रोदयाच्या वेळेची खरी निकड घरोघर भासते ती संकष्टी चतुर्थीला. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी येणाऱ्या या रात्री चंद्र बहुधा साडेआठ ते दहाच्या दरम्यान उगवतो, आणि उपवास करणाऱ्यांचे जेवण त्याच्यावर अवलंबून असते. दिनदर्शिकेत गावोगावच्या वेळा निरनिराळ्या छापतात, कारण पूर्वेकडच्या गावाला चंद्र आधी दिसतो. नागपूर मुंबईच्या पूर्वेस सुमारे ६ अंश आहे. तिथे तो साधारण २५ मिनिटे आधी उगवतो. मुंबई आणि भाजे यांत मात्र दोन-तीन मिनिटांचाच फरक पडावा.

पण भाज्यात आजी अंगणात येऊन पाहते, तर छापील वेळ टळून गेली तरी चंद्राचा पत्ता नाही. आकाश स्वच्छ आहे. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. छापील वेळ समुद्रासारखे सपाट क्षितिज धरून काढलेली असते. भाज्याला विसापूरचा डोंगर आहे. चंद्र क्षितिजावर आलेला असतो, पण डोंगराचा कडा ओलांडायला त्याला वेळ लागतो.

किती वेळ? हे तुम्हांलाच मोजता येईल. हात ताठ पुढे धरून मूठ वळा. मुठीची रुंदी डोळ्याला सुमारे १० अंशांची दिसते. आपल्या अक्षांशावर (भाजे सुमारे १८.७ अंश उत्तर) पूर्वेला उगवलेला चंद्र १ अंश उंच चढायला चार मिनिटांहून किंचित जास्त वेळ घेतो. म्हणजे एका मुठीला सुमारे ४२ मिनिटे. डोंगराची कड क्षितिजापासून दोन मुठी वर असेल, तर आजीला जवळजवळ दीड तास थांबावे लागेल!

हा उशीर वर्षभर सारखा नसतो. मार्गशीर्ष-पौषातील संकष्टीचा चंद्र पूर्वेच्या उत्तरेस, ईशान्येकडे झुकून उगवतो. ज्येष्ठ-आषाढातला दक्षिणेस, आग्नेयेकडे झुकून. डोंगराची कड सगळीकडे सारख्या उंचीची नाही, त्यामुळे त्याच अंगणातून उशीर निराळा येतो. त्यातच चंद्राची कक्षा सुमारे १८.६ वर्षांच्या चक्राने डोलते. २०२४-२५ च्या सुमारास त्याच्या उदयाच्या जागा पूर्वेपासून कमाल ३० अंशांपर्यंत दूर गेल्या होत्या. २०३४ च्या सुमारास हे अंतर २० अंशांच्याही आत येईल. शिक्षकांनी मुलांकडून ही नोंद दरवर्षी करून घ्यावी, वही मात्र टिकाऊ हवी.

५० मिनिटे ही सरासरी आहे, हेही विसरू नका. कोजागरीच्या सुमारास चंद्राचा मार्ग क्षितिजाशी सर्वांत तिरपा असतो. तेव्हा रोजचा उशीर आपल्याकडे ४० मिनिटांच्या आसपास येतो. लंडनसारख्या उत्तरेकडील शहरात तो वीस-पंचवीस मिनिटांवरच येतो, त्यामुळे तिथे ओळीने काही संध्याकाळी जवळजवळ पूर्ण चंद्र दिवेलागणीलाच हजर असतो. सुगीच्या दिवसांत विजेचे दिवे नव्हते तेव्हा तिथल्या शेतकऱ्याला त्याचा केवढा आधार वाटत असेल!

फाल्गुन-चैत्रात उलटे होते. सूर्य मावळल्यावर चंद्राचा मार्ग पश्चिम क्षितिजावर जवळजवळ उभा असतो, आणि बीज-तीजेची कोर होडीसारखी आडवी पडलेली दिसते. भाद्रपद-आश्विनात तीच कोर तिरपी, विळ्यासारखी उभी होते. लेण्यांची तोंडे पश्चिमेकडेच आहेत. खाली गावात उतरून, मोकळ्या शेताच्या बांधावरून, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने पाहा. कोरीची दोन्ही टोके कोणत्या दिशेला वळली आहेत, ते तारखेसह वहीत काढून ठेवा.