ब्रेकचा आवाज काय सांगतो?

धावत्या मोटारीच्या अंगी गतिज ऊर्जा असते. मोटार थांबवावयाची म्हणजे या ऊर्जेचे दुसऱ्या कशात तरी रूपांतर केले पाहिजे. हे कार्य ब्रेक करतो. चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी दोन पॅडांच्या चिमटीत धरली जाते आणि घर्षणामुळे गतीची उष्णता होते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. घर्षणातून कंपने उत्पन्न होतात आणि कंपनांतून ध्वनी. म्हणून ब्रेकचा प्रत्येक आवाज धोक्याचा नसला, तरी प्रत्येकाला कारण असते.

पावसाळी रात्रीनंतर सकाळी खरखर ऐकू आली, तर तबकडीवर गंजाचा पातळ थर चढला असावा. चार-दोन वेळा ब्रेक लावताच ती नाहीशी होते.

उंच पट्टीतील किंचाळी निराळी. सारंगीची तार गजाने वाजते, त्याप्रमाणे घासणाऱ्या पॅडमुळे तबकडी सेकंदास हजारो वेळा कंप पावते. मात्र पुष्कळ पॅडांना पोलादाची एक लहान पट्टी मुद्दाम बसविलेली असते. पॅडचा घर्षणथर झिजून सुमारे २ ते ३ मिलिमीटर उरला की ती तबकडीला घासून किंचाळते. पॅड बदलण्याची ही सूचना होय.

ती दुर्लक्षिली तर पुढे जात्यासारखी घरघर सुरू होते. येथे घर्षणथर संपून लोखंडावर लोखंड घासत असते. तबकडीवर चरे पडतात आणि मोटार थांबण्यास अधिक अंतर लागते. अशी मोटार पुढे हाकू नये. क्वचित अडकलेल्या खड्यामुळेही असा आवाज होतो. पण पाहिल्यावाचून तसे गृहीत धरू नये.

वेगाबरोबर मंदावणारी धडधड पायाला जाणवली, तर तबकडीची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसावी. निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबता पायडल थरथरून कटकट झाली, तर ती बहुधा चाके जखडू न देणाऱ्या एबीएस यंत्रणेची असते. तेव्हा पाय उचलू नये.

आवाज कोणत्या चाकाचा, केव्हा होतो व वेगाबरोबर बदलतो काय, हे टिपून कारागिराला सांगावे. तो बंद करण्यासाठी पॅडच्या घासणाऱ्या बाजूस तेल मात्र कदापि लावू नये. त्याने आवाज जाईल. पण त्याबरोबर मोटार थांबविणारे घर्षणही जाईल.