जुन्या राउळाची नवी घडण

महाशिवरात्रीच्या पहाटे पुण्याहून पानशेतच्या वाटेला लागलेल्या भाविकास एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला डोंगर अशी सोबत लाभते. नीलकंठेश्वराचा डोंगर चढणाऱ्यांच्या मुखी शंभूमहादेवाचे नाव असते, हाती बेलाची पाने असतात. वर पोहोचल्यावर देवदर्शनाबरोबरच आणखी एक दर्शन घडते. रामायण-महाभारतातील आणि पुराणांतील प्रसंग तेथे सिमेंटच्या रंगीत मूर्तींतून उभे केलेले आहेत. शहरातील कलारसिक त्या मूर्ती पाहून नाक मुरडतात. आम्ही तसे करणार नाही. पाथरवट मिळेनासा झाला आणि सिमेंटचे पोते मात्र गावोगाव मिळू लागले, अशा काळात भक्तीने हाताशी आलेले साधन उचलले, यात तिचा दोष तो काय? तथापि त्या मूर्ती पाहताना एक प्रश्न मनात उभा राहतो, आणि आजच्या पर्वकाळी तो भाविक वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते. आपल्या वाडवडिलांनी देवालये उभारताना जे ज्ञान वापरले, ते आजच्या रचनेला काही शिकवू शकते काय? की त्याचा उपयोग कमानी आणि कळस यांची नक्कल करण्यापुरताच उरला आहे?

पानशेतच्या खोऱ्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. आंबी नदीवरील येथील मातीचे धरण पुरते बांधून होण्याआधीच १२ जुलै १९६१ रोजी फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचेही धरण टिकले नाही, आणि पुण्याने न भूतो असा हाहाकार अनुभवला. पुढे धरण पुन्हा बांधले गेले आणि त्या जलाशयास तानाजीसागर हे नाव मिळाले. पुण्याचे दुःख पुष्कळ सांगितले गेले आहे. ज्यांनी आपली भातखाचरे आणि घरे पाण्याखाली दिली, त्या खोऱ्यातील कुटुंबांचे दुःख त्या मानाने थोडे सांगितले गेले. गाव हलले की देवही हलतो. मूर्ती उचलून नेता येते, पिंडीची पुन्हा प्रतिष्ठापना करता येते. परंतु दीपमाळ, दगडी जोते, पार आणि पारावरचा पिंपळ उचलून नेता येत नाही. म्हणून धरणांच्या काठावरील गावांना आपले देऊळ केवळ दुरुस्त करावयाचे नव्हते, ते पुन्हा कल्पावे लागणार होते.

गेल्या काही दशकांत मावळपट्ट्यात जीर्णोद्धाराची मोठी लाट आली आहे. गावातील मुले पुण्या-मुंबईस नोकरीला लागली, हातात चार पैसे खेळू लागले, आणि पहिली वर्गणी देवळासाठी निघाली. ही गोष्ट कौतुकाचीच आहे. परंतु होते काय? जुने कौलारू देऊळ एका दिवसात उतरवले जाते. त्या जागी सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब पडतो, साच्यातून काढलेले शिखर वर बसते, आत-बाहेर गुळगुळीत फरशी लागते आणि भिंतींवर ऑइलपेंट चढतो. पावसाळ्यात त्या फरशीवर अनवाणी म्हातारीचा पाय सरकतो. वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या धुवांधार पावसात काँक्रीटमधील लोखंडाला ओल लागली की ते गंजून फुगते आणि दोन-तीन दशकांत स्लॅबचे पोपडे खाली येऊ लागतात. मग पुन्हा जीर्णोद्धार! ज्याला जीर्ण व्हावयास शेकडो वर्षे लागत, ते आता बांधणाऱ्याच्या डोळ्यांदेखत जीर्ण होते.

याच पुणे जिल्ह्यात, पानशेतप्रमाणेच सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या मावळ तालुक्यात, वडेश्वर येथे २०१० साली एक शिवमंदिर उभे राहिले. मुंबईचे वास्तुविशारद समीप पडोरा यांनी त्याची रचना केली. पैसा अगदी थोडा होता. म्हणून मंदिराच्या जागेपासून अवघ्या दोनशे मीटरांच्या आत असलेल्या खाणीतील काळा दगड घेतला आणि आसपासच्या गावकऱ्यांनी श्रमदानाने तो रचला. आराखडासुद्धा पुजारी आणि ग्रामस्थ यांच्याशी बोलत बोलत ठरला. दुरून पाहणाऱ्यास शिखराची परिचित आकृती दिसते. हे महादेवाचे देऊळ आहे, हे कोणास सांगावे लागत नाही. जवळ गेल्यावर ध्यानी येते की तिच्यावर नक्षी नाही, मूर्तींच्या रांगा नाहीत, रंग नाही. दगडाचे थर एकावर एक निमुळते होत वर गेले आहेत. शिखराच्या माथ्यावर अष्टधातूचा कळस आहे, आणि तो ज्या चौकटीत बसवला आहे तिच्यातून प्रकाश थेट गाभाऱ्यात उतरतो. बांधलेला सभामंडप नाही. भोवतीच्या दाट झाडीने वेढलेले अंगण हाच मंडप आणि आकाश हेच त्याचे छत. आत शिरण्यापूर्वी लाकूड आणि लोखंड यांच्या चौकटीने घडवलेला खोल उंबरठा ओलांडावा लागतो.

गाभाऱ्यात वरून उजेड, हे वाचून आमच्या काही वाचकांच्या कपाळी आठी पडेल. गाभारा हा काळोखाचाच असावा, समईच्या ज्योतीत देव दिसावा, ही आपली परंपरा, आणि ती थोर आहे. बाहेरच्या उन्हातून मंडपात, मंडपातून अंतराळात, अंतराळातून गाभाऱ्यात जाताना डोळ्यांपुढचा उजेड पायरीपायरीने कमी होतो आणि मन आपोआप आत वळते. परंतु परंपरा एकपदरी नसते. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मधील शिलालेख मिरवणाऱ्या अंबरनाथच्या शिवमंदिरात गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावे लागते, आणि शिखर अपुरे राहिल्याने वर आकाश दिसते. ती योजना असो वा अपूर्णता, भाविकांनी शतकानुशतके ते आकाश देवाचेच मानले. शिंगणापूरच्या शनिदेवास तर छप्परच नाही. चौथरा आणि उघडे आभाळ. तेव्हा वडेश्वरच्या रचनाकाराने परंपरा मोडली असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यातील एक पदर त्याने उचलला, एवढेच.

सभामंडपाबाबत मात्र आमचे मत थोडे निराळे आहे. पुण्याच्या पाताळेश्वरात, आठव्या शतकातील त्या कोरीव लेण्यात, उघड्या प्रांगणाच्या मधोमध नंदीचा गोल मंडप उभा आहे, आणि आकाशाखालचे अंगण हाही मंडपाचा भाग कसा होतो हे तेथे उत्तम कळते. तरीही पानशेत परिसरातील गावांना आषाढ-श्रावणात डोक्यावर छप्पर हवेच. हरिनाम सप्ताह कोठे बसावयाचा? रात्रीच्या भजनाचा मृदंग कोठे ठेवावयाचा? मावळातील जुन्या देवळांचा सभामंडप उतरत्या कौलांचा, लाकडी खांबांचा आणि तिन्ही बाजूंनी मोकळा असे. पाऊस बाहेर राही, वारा आत येई, आणि आतल्या भजनाचा आवाज शेतातल्या माणसास ऐकू जाई. त्याला अडाणीपणा कोण म्हणेल? पाऊस, वारा आणि माणूस यांचा तिघांचा विचार करून केलेली ती रचना होती. वडेश्वरची हुबेहूब प्रतिकृती पानशेतच्या काठी बांधली, तर तीही नक्कलच ठरेल. घ्यावयाचे ते तेथील प्रश्न विचारण्याचे धाडस. येथे दगड कोणता मिळतो? पाणी कोठून वाहते? गाव कोठे बसते?

पाण्याचा उल्लेख आला, तर भोर तालुक्यातील नसरापूरजवळच्या बनेश्वराचे स्मरण व्हावयासच हवे. नानासाहेब पेशव्यांच्या काळातील हे शिवालय झाडीत दडलेले आहे, आणि त्याची खरी शोभा समोरच्या पाण्याच्या कुंडांत आहे. गोमुखातून येणारे पाणी, दगडी काठ, पायऱ्या. स्नान, पूजा, विसावा आणि गप्पा, हे सारे त्या पायऱ्यांवर घडते. अशा कुंडाचा विचार आधुनिक रचनेत कसा येतो, हे पाहावयाचे असेल तर पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेत जावे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी योजली. तिच्या मध्यभागी त्यांनी पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारे एक चौक-कुंड ठेवले आणि भोवती काळ्या दगडाच्या भिंती घेतल्या. तेथे पाणी नाही, पूजा नाही. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. तरी त्या पायऱ्यांवर बसलेला विद्यार्थी नकळत तेच करतो, जे बनेश्वराच्या कुंडावर बसलेला यात्रेकरू करतो. तो थांबतो आणि वर पाहतो. देवळाची एक कळसाकृतीही न उचलता देवळाचा गुण कसा उचलावा, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता थोडे समुद्रापलीकडे. कारण पानशेतच्या दुखण्याशी मिळतीजुळती एक कथा सिंहलद्वीपात घडली आहे. कोलंबो शहरातील बेइरा तलावात सीमा मालक नावाचे बौद्ध उपासनास्थान होते. एकोणिसाव्या शतकात बांधलेली ती वास्तू हळूहळू पाण्यात खचत गेली. १९७६ नंतर तिच्या जागी नवी वास्तू उभारण्याचे काम वास्तुविशारद जेफ्री बावा यांच्याकडे आले. त्यांनी जुन्याची नक्कल केली नाही, आणि परदेशी थाटाचे प्रार्थनागृहही बांधले नाही. अनुराधपूर आणि रितिगल येथील प्राचीन अरण्यविहारांत भिक्षू जसे चौथऱ्यावरून चौथऱ्यावर पुलाने जात, तशी त्यांनी पाण्यावर चौथऱ्यांची मालिका रचली आणि मधल्या चौथऱ्यावर लाकडी खांबांचा, कौलारू छताचा, चहूकडून मोकळा मंडप ठेवला. या कार्याचा खर्च एका मुसलमान दांपत्याने आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिला, हेही सांगावयास हवे. ज्या पाण्याने जुने स्थान गिळले, त्याच पाण्यावर नवे स्थान तरंगते आहे. तानाजीसागराच्या काठी, शिरकोलीच्या शिरकाईच्या मुलखात, असे काही कोणी कल्पिले तर? निदान एखादा दगडी घाट, एखादी पायऱ्यांची उतरण, जेथे पाण्याखाली गेलेल्या गावांतील माणसे पितृपक्षात येऊन आपल्या मातीच्या दिशेने ओंजळ सोडू शकतील?

परंपरा केवळ आकारात राहत नाही, ती हातांत राहते. जपानमधील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या भूखंडावर नव्याने, जुन्याच रीतीने बांधले जाते. याआधीची पुनर्बांधणी २०१३ साली झाली. लाकूड नवे, पण सांधे तेच. कारण म्हातारा सुतार मुलाला आणि मुलगा नातवाला ते सांधे शिकवीत आला आहे. आपल्याकडे देऊळ दगडाचे आणि टिकाऊ, म्हणून हात शिकवण्याची निकड वाटली नाही आणि पाथरवट हळूहळू दुसऱ्या धंद्यास लागले. वडेश्वरच्या श्रमदानाचे मोल आम्हांस म्हणूनच अधिक वाटते. ज्या गावकऱ्याने एक थर स्वहस्ते रचला, त्याला पुढील थर कसा ढासळतो आणि कसा दुरुस्त करावा, हेही कळते. ठेकेदाराने चावी हाती दिलेल्या देवळाच्या वाट्याला हे येत नाही.

कोणी म्हणेल, दगडाचे काम महाग. घडीव दगडाचे महागच आहे. परंतु ज्या सह्याद्रीत पायाखाली काळा फत्तरच आहे, तेथे राजस्थानातून संगमरवर आणि गुजरातेतून फरशी आणणे तरी स्वस्त कसे? पुण्यात मुठेच्या काठावरचे ओंकारेश्वर पेशवाईतील आहे. १९६१ च्या पुराचे पाणी त्याच्यावरून गेले, आणि ते आजही उभे आहे.

म्हणून पानशेत, वेल्हे, भोर या भागांतील ज्या गावांनी यंदा जीर्णोद्धाराचा संकल्प सोडला असेल, त्यांच्या देवस्थान मंडळींस आमची विनंती अशी की, जुने देऊळ उतरवण्यापूर्वी त्याची मापे लिहून ठेवावीत. उंबरठा किती उंच आहे, गाभाऱ्याचा दरवाजा किती ठेंगणा आहे, अभिषेकाचे तीर्थ कोणत्या बाजूस वाहते, प्रदक्षिणेची वाट कोठे थांबते, हे नव्या आराखड्यात उतरले पाहिजे. शिवाची प्रदक्षिणा अर्धी असते आणि तीर्थाची पन्हळ ओलांडावयाची नसते, हे गावाबाहेरून आलेल्या आराखडेकऱ्यास कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असेल तर खात्याची परवानगी आधी घ्यावी. आवारात पडलेले वीरगळ आणि सतीशिळा पायाच्या भरावात जाऊ देऊ नयेत. आणि घडीव दगड खाली घेण्याआधी प्रत्येकावर रंगाने क्रमांक घालून एक छायाचित्र काढावे. चार तरुण मुलांचे ते दोन दिवसांचे काम आहे, आणि ते दगड नव्या जोत्यात जसेच्या तसे बसवता येतात.